गर्भाशयाची पिशवी काढण्याचा सल्ला मिळाला आहे. होकार देण्यापूर्वी कोणत्या तपासण्या कराव्यात?

पूर्वभाग_सून:

सर्वांना नमस्कार. आम्ही सोलापुरात पूर्व भागात राहतो. माझ्या सासूबाईंचे वय ४६ असून लग्न होऊन या घरी आल्यापासून त्या विड्या वळण्याचे काम करतात. गेल्या दीड-दोन वर्षांपासून त्यांची पाळी अनियमित झाली आहे. कधी महिना-दीड महिना येत नाही, आणि आली की आठ-दहा दिवस थांबत नाही. गाठी पडतात. जुन्या साडीच्या जाड घड्या घेऊनही कपड्याला लागते, म्हणून त्या दिवसांत त्या कारखान्याच्या ब्रँचवर विड्या जमा करायला स्वतः न जाता मला पाठवतात. मधल्या काळात अंगावरून पांढरेही जाते. हे सारे त्यांनी आम्हाला फार उशिरा, तेही मी खोदून खोदून विचारल्यावर सांगितले.

अलीकडे जिना चढून गच्चीवर गेल्या तरी त्यांना धाप लागते आणि काम करताना छातीत धडधडते. तांदूळ निवडताना कच्चे तांदूळ तोंडात टाकण्याची त्यांना सवय लागली आहे. तसे त्याचा या दुखण्याशी काही संबंध नसावा, पण आधी त्या असे करत नव्हत्या म्हणून लिहिले.

घराजवळच्या खासगी डॉक्टरांकडे नेले असता रक्ताची तपासणी आणि सोनोग्राफी झाली. हिमोग्लोबिन ७.४ आले. सोनोग्राफीच्या अहवालात गर्भाशयाचा आकार किंचित वाढलेला आहे, भिंतीत दोन सेंटीमीटरची फायब्रॉइडची गाठ आहे आणि आतल्या अस्तराची जाडी अकरा मिलिमीटर आहे, असे लिहिले आहे. डॉक्टरांनी सांगितले की पिशवीला सूज आहे, गाठही आहे, ठेवली तर पुढे कॅन्सर होऊ शकतो, आता मुलेबाळे मोठी झाली आहेत, तेव्हा काढून टाकलेली बरी. पुढच्या आठवड्यात दाखल व्हायला सांगितले आहे.

माझे पती टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहेत. त्यांचे म्हणणे असे की डॉक्टर सांगतात तर करून टाकू. मला मात्र भीती वाटते. ही शस्त्रक्रिया खरोखर आवश्यक आहे का, त्याआधी आणखी काही तपासण्या करायला हव्यात का, आणि इतकी वर्षे तंबाखूत हात असल्यामुळे हा त्रास झाला असेल का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त_परिचारिका:

ताई, मी अनेक वर्षे प्रसूती आणि स्त्रीरोग विभागांत परिचारिका म्हणून काम केले आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे शस्त्रक्रिया करा किंवा करू नका असे सांगण्याचा अधिकार माझा नाही. परंतु तुम्ही लिहिलेल्या माहितीत एक गोष्ट मला सर्वांत निकडीची वाटते आणि ती पिशवीची नसून रक्ताची आहे. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले की त्याला रक्तक्षय म्हणतात आणि ८ च्या खाली गेले की तो तीव्र मानला जातो. सासूबाईंचे ७.४ आहे. धाप, धडधड आणि जिना न चढवणे हे त्याचेच परिणाम असण्याची दाट शक्यता आहे. कच्च्या तांदळाचा उल्लेख तुम्ही सहज केलात, पण तो फार महत्त्वाचा आहे. शरीरातले लोह संपत आले की माती, खडू, कच्चे तांदूळ असे काही खाण्याची ओढ लागते, आणि कित्येक बायकांचा रक्तक्षय आम्ही केवळ या एका प्रश्नावरून ओळखत असू. त्यांच्या डोळ्याची खालची पापणी हलकेच ओढून पाहा, आतली बाजू पांढुरकी दिसेल.

इतक्या कमी रक्तावर ठरवून करायची शस्त्रक्रिया सहसा केली जात नाही. भूल देणारे डॉक्टर साधारणपणे हिमोग्लोबिन १० च्या आसपास असावे असा आग्रह धरतात. म्हणून पुढच्या आठवड्यात दाखल व्हा असे सांगितले असेल, तर त्याआधी रक्त कसे वाढवणार, हे स्पष्ट विचारा. लोहाच्या गोळ्यांनी महिन्याला साधारण एक ते दोन ग्रॅमने वाढ होते, तीही रक्तस्राव आटोक्यात असेल तर. त्यामुळे ७.४ असताना डॉक्टर शिरेतून लोह देण्याचा विचार करतात, आणि धाप फारच असेल तर रक्त चढवण्याचाही. पालक, बीट आणि गूळ खायला घाला, त्यात वाईट काही नाही, पण एवढी तूट केवळ आहाराने भरून निघत नाही, हे घरातल्या सर्वांना ठामपणे सांगा. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या तर त्या चहासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत देऊ नका. लिंबूपाण्यासोबत दिल्या तर लोह चांगले शोषले जाते. शौचाला काळी होते, पोट जड होते, मळमळते, आणि बहुतेक बायका त्याच कारणाने गोळ्या फेकून देतात. काळ्या रंगाला घाबरण्याचे कारण नाही. मळमळ फार झाली तर गोळी जेवणानंतर देऊन पाहा, पण बंद करू नका.

आता पिशवीविषयी. "पिशवीला सूज आहे" हे वाक्य मी माझ्या नोकरीत अगणित वेळा ऐकले आहे, आणि त्याचा नेमका अर्थ काय, हे रुग्णाला क्वचितच समजावून सांगितले जाते. गर्भाशयाच्या भिंतीतील दोन सेंटीमीटरची फायब्रॉइडची गाठ ही या वयात अगदी सर्रास आढळते. अशी गाठ कर्करोगात बदलणे अतिशय दुर्मीळ असते. पाळी थांबल्यानंतर या गाठी बहुधा आपोआप आकसतात. गाठ आतल्या पोकळीत शिरलेली असेल तर लहान असूनही ती खूप रक्तस्राव घडवते. त्यामुळे गाठ नेमकी कुठे आहे, हे सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना विचारण्यासारखे आहे. केवळ गाठ आहे म्हणून पिशवी काढायची, हे मात्र पुरेसे कारण होत नाही.

चाळिशी-पंचेचाळिशीनंतर अशा प्रकारे पाळी बिघडली, तर पिशवीच्या आतल्या अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतात. ही बायोप्सी आहे आणि ती फार महत्त्वाची आहे, कारण अस्तरात कर्करोगाची किंवा त्याच्या आधीच्या अवस्थेची काही खूण आहे का, हे सोनोग्राफीत दिसणाऱ्या जाडीवरून ठरत नाही. पाळी चालू असलेल्या स्त्रीमध्ये ही जाडी महिन्याभरात कमी-जास्त होतच असते. कर्करोगाच्या भीतीने पिशवी काढायची असेल, तर ती भीती खरी आहे का, हे आधी तपासायला नको का? आणि दुर्दैवाने ती खरी निघाली, तर शस्त्रक्रिया वेगळ्या पद्धतीने, कर्करोगाच्या तज्ज्ञांकडून व्हायला हवी असते. दोन्ही बाजूंनी पाहिले तरी बायोप्सी आधीच व्हायला हवी.

याखेरीज थायरॉइडची तपासणी करून घ्या. थायरॉइड मंदावले की पाळी वाढते आणि थकवाही येतो, आणि हे साध्या रक्ततपासणीत कळते. पूर्वी कधी तांबी बसवलेली असेल आणि ती काढायची राहून गेली असेल, तर तेही सांगा. असे प्रकार मी स्वतः पाहिले आहेत.

उपचारांत पिशवी काढणे हा शेवटचा पर्याय आहे. पाळीच्या दिवसांत घ्यायच्या रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, संप्रेरकांच्या (हार्मोन्सच्या) गोळ्या आहेत, आणि तांबीसारखेच गर्भाशयात बसवायचे, थोडे थोडे संप्रेरक सोडणारे एक साधन आहे, जे किमान पाच वर्षे काम करते. सासूबाईंच्या वयाला हे साधन विशेष उपयोगी पडू शकते, कारण तेवढ्या काळात पाळी नैसर्गिकरीत्या थांबण्याची वेळ येतेच. ते महाग असते, पण शस्त्रक्रियेच्या आणि बुडालेल्या मजुरीच्या तुलनेत महाग आहे का, याचा हिशेब घरी एकदा मांडून पाहा.

धाराशिवकर:

वरील ताईंनी सर्व नीट समजावले आहे. मी कर्करोग तपासणीच्या कामाशी काही काळ संबंधित होते, म्हणून त्या बाजूने थोडी भर घालते.

अंगावरून पांढरे जाते असे तुम्ही लिहिले आहे. बहुतेक वेळा ते साध्या जंतुसंसर्गाचे असते आणि औषधाने बरे होते. परंतु सासूबाईंच्या वयाच्या स्त्रीच्या गर्भाशयाच्या मुखाची तपासणी आयुष्यात एकदाही झाली नसेल, तर ती आता झालीच पाहिजे. ही तपासणी आणि वर सांगितलेली अस्तराची बायोप्सी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक झाली म्हणजे दुसरी झाली असे समजू नये. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग एचपीव्ही या विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून होतो आणि संसर्गापासून कर्करोगापर्यंत जायला त्याला बहुधा १५ ते २० वर्षे लागतात. म्हणजे पकडायला वेळ भरपूर असतो, आणि तरीही तो उशिरा सापडतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयोगटातील भारतीय स्त्रियांपैकी केवळ १.९ टक्के स्त्रियांनी ही तपासणी कधी ना कधी करून घेतल्याचे आढळले. याच सर्वेक्षणात १५ ते ४९ वयातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. या दोन आकड्यांत तुमच्या सासूबाईंसारख्या किती जणी बसतात, याचा विचार मनातून जात नाही.

सोलापूरकरांना हे ठाऊक असायला हवे की या विषयावरचे जगभर मानले गेलेले एक संशोधन आपल्या शेजारीच झाले आहे. त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांना त्यात सामावून घेतले. गावांचे ५२ गट पाडून काहींमध्ये एचपीव्हीची चाचणी केली, काहींमध्ये पॅप तपासणी (मुखावरच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे), काहींमध्ये व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावून मुखाची पाहणी, आणि काहींमध्ये नेहमीचीच आरोग्यसेवा ठेवली. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदाच एचपीव्हीची चाचणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्याने कमी झाले होते. ज्या बायकांमुळे जगाला हे कळले, त्या आपल्यासारख्याच ज्वारी-तुरीच्या शेतांत राबणाऱ्या होत्या, आणि आपल्याच भागातल्या बायका आजही तपासणीवाचून राहतात, याचे मला फार वाईट वाटते.

तपासणी रक्तस्राव थांबलेला असताना करावी. ती काही मिनिटांची असते आणि दुखत जवळजवळ नाही. मुखावर लालसर चट्टा दिसला की "जखम आहे, पुढे कॅन्सर होईल" असे सांगण्याची पद्धत पडली आहे. असा चट्टा पुष्कळदा निरुपद्रवी असतो. तपासणीत काही संशयास्पद आढळले तरी मुखाचा तेवढाच भाग गोठवून किंवा काढून उपचार होतो आणि पिशवी शाबूत राहते.

वरच्या प्रतिसादाशी एका बाबतीत मात्र माझे थोडे वेगळे मत आहे. पिशवी काढणे हे नेहमीच टाळण्यासारखे असते, असा समज वाचणाऱ्यांचा होऊ नये. माझ्या थोरल्या बहिणीच्या गाठी पोटावर हाताला लागतील इतक्या वाढल्या होत्या, औषधांचा उपयोग झाला नाही, आणि शस्त्रक्रियेनंतर ती खऱ्या अर्थाने माणसांत आली. तिला आणखी दोन वर्षे गोळ्यांवर ठेवले असते तर ते चुकीचेच झाले असते. निर्णय कारण शोधून, पर्याय वापरून आणि स्त्रीला समजावून झालेला असावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

तसे न होता काय घडते, ते आपण बीडमध्ये पाहिले. २०१९ साली ऊसतोड कामगार स्त्रियांच्या प्रश्नावर राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हाच्या सर्वेक्षणात ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे साधारण सहा जणींमागे एकीची. देशभरात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे तीन टक्के आहे. पुढे एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी अमलात आणावीत, असा आदेश दिला.

विडी_कामगार_कार्यकर्ती:

ताई, मी स्वतः विड्या वळत वाढले आणि आता संघटनेचे काम करते, त्यामुळे तुमच्या तंबाखूबद्दलच्या प्रश्नाचे उत्तर मी देते.

मांडीवर सूप घेऊन दिवसभर वाकून बसल्याने पाठ आणि मान धरते. तंबाखूची भुकटी नाकातोंडात जाते, खोकला लागतो, बोटांच्या टोकांची कातडी जाते, आणि निकोटिन त्वचेवाटे अंगात शिरते. कोरड्या तंबाखूला हात लावला की नव्या मुलींना गरगरते, ते त्यामुळेच. गरोदर बाईने आणि लहान मुलांनी त्यापासून दूर राहावे, असे आम्ही सभांमध्ये सतत सांगतो. परंतु विड्या वळल्यामुळे पाळीचा रक्तस्राव वाढतो, असे ठामपणे सांगता येणार नाही, म्हणून सासूबाईंनी इतकी वर्षे हे काम केले याचा दोष मनात धरू नका. त्यांना दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर मात्र थुंकीची तपासणी करून घ्या. धाप केवळ रक्त कमी असल्यामुळेच आहे, असे धरून चालू नये. आमच्या वस्त्यांत क्षयरोग नवा नाही, आणि ही तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते.

आणखी एक विचारते, राग मानू नका. त्या मिश्री लावतात का? आपल्याकडे पुष्कळ बायका सकाळी दातांना मिश्री लावतात आणि मग कामाच्या मध्येही लावत राहतात. भूक मरते, जेवण टळते, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका असतो तो वेगळाच. डॉक्टर तंबाखू खाता का असे विचारतात, तेव्हा बायका नाही म्हणतात, कारण मिश्रीला त्या तंबाखू समजतच नाहीत.

पैशांबद्दल सांगायचे तर घरी रेशनकार्ड असेलच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सर्व रेशनकार्डधारक कुटुंबांना लागू आहे आणि वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय त्यात आहे. योजनेतील रुग्णालयांत आरोग्यमित्र बसलेले असतात. कोणते उपचार योजनेत बसतात, हे दाखल होण्यापूर्वी त्यांना विचारा, नंतर नव्हे. सासूबाईंचे विडी कामगाराचे ओळखपत्र आहे का, तेही पाहा. १९७६ च्या विडी कामगार कल्याण निधी कायद्यामुळे केंद्र सरकारचे वेगळे दवाखाने आणि मदतीच्या योजना आहेत, पण कार्ड नसले की कोणी उभे करत नाही. कितीतरी बायका दुसरीच्या कार्डावर वळतात आणि आजारी पडल्यावर त्यांना आपण कुठेच नोंदलेल्या नाही हे कळते.

मनातले एक लिहिते. घरासाठी आमच्या बायकांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले आणि सोलापूरजवळच्या कुंभारीला कष्टकऱ्यांच्या नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत उभी करून घेतली. मजुरीसाठी, पीएफसाठी त्या रस्त्यावर बसतात. पण अंगावर जाते, कपड्याला लागते, चक्कर येते, हे त्या शेजारच्या सुपावर बसलेल्या बाईलाही सांगत नाहीत. या दुखण्यांवर उपचार मिळावेत ही मागणी आमच्या निवेदनांत वरच्या ओळीत यायला हवी, आणि ती आणण्याचा माझा प्रयत्न चालू आहे.

पूर्वभाग_सून:

सर्वांचे मनापासून आभार. मिश्रीबद्दल अगदी बरोबर ओळखलेत, त्या दिवसातून चार-पाच वेळा लावतात. ओळखपत्र आहे. खोकला अधूनमधून असतो, त्याची तपासणी करून घेते.

अडचण अशी आहे की काल मी हे सर्व घरी वाचून दाखवले तेव्हा सासूबाई स्वतःच म्हणाल्या की त्यांना पिशवी काढूनच टाकायची आहे. त्यांचे म्हणणे, "एकदाची काढली की कटकट गेली. गोळ्या आणायला, तपासायला सारखे दवाखान्यात जायचे म्हणजे प्रत्येक वेळी दिवसाच्या हजार विड्या बुडतात. ऑपरेशनला एकदाच काय ते बुडतील." त्यांच्या दोघी बहिणींनी आणि शेजारच्या दोन बायकांनीही काढलेली आहे. यावर मला काय बोलावे ते सुचले नाही. शिवाय त्यांना मराठी समजते, पण असल्या विषयावर त्या तेलुगूतच बोलतात, आणि डॉक्टरांसमोर तर गप्पच बसतात.

निवृत्त_परिचारिका:

सासूबाईंचा हिशेब चुकीचा नाही, हे आधी मान्य करू. हजार विड्या बुडणे म्हणजे काय, हे आपल्यापेक्षा त्यांना जास्त कळते, आणि पिशवी काढण्याची मागणी बायकांकडूनच येते असे जे म्हटले जाते, त्यामागे हाच हिशेब असतो. त्यांच्याशी बोलताना डॉक्टरांवरचा संशय किंवा शस्त्रक्रियेची भीती पुढे करू नका. त्यांच्याच हिशेबात जे धरलेले नाही, तेवढे भरा.

पहिली गोष्ट, शस्त्रक्रियेने एकदाच दिवस बुडत नाहीत. पोटावर टाका घेऊन शस्त्रक्रिया झाली तर साधारण सहा आठवडे जड उचलणे, पाण्याच्या घागरी भरणे बंद करावे लागते, आणि मांडी घालून वाकून तासन्‌तास बसणेही सुरुवातीला जमत नाही. मी पाहिलेल्या बहुतेक बायका पंधरा दिवसांत सुपावर बसल्या आणि मग वर्षानुवर्षे पोटाची, पाठीची तक्रार घेऊन येत राहिल्या. दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. पिशवीसोबत दोन्ही अंडाशयही काढले तर पाळी हळूहळू थांबण्याऐवजी एका दिवसात संपते. अंगातून वाफा निघणे, झोप उडणे, चिडचिड, आणि पुढे हाडे ठिसूळ होणे, हृदयविकाराचा धोका वाढणे, हे त्याचे परिणाम आहेत. बसून काम करणाऱ्या बाईची पाठ आणि गुडघे ही तिची मिळकत असते. म्हणून शस्त्रक्रिया करायचे ठरलेच, तर अंडाशय काढणार का, आणि काढणार असल्यास कोणत्या कारणासाठी, हे संमतिपत्रावर अंगठा किंवा सही होण्यापूर्वी विचारा. त्यांच्या बहिणींना आणि शेजारणींना हे कोणी सांगितले होते का, ते सासूबाईंनीच त्यांना विचारावे. तुमच्यापेक्षा त्यांच्या तोंडून ऐकलेले सासूबाईंना जास्त पटेल.

तिसरी गोष्ट, फेऱ्या कमी करता येतात. सरकारी रुग्णालयात सकाळी बाह्यरुग्ण विभाग उघडतानाच जा, आधीचे सर्व अहवाल बरोबर न्या, आणि पाळी थांबल्यानंतरचा दिवस निवडा. बायोप्सी, मुखाची तपासणी आणि थायरॉइडचे रक्त एकाच भेटीत घेता येईल का, असे डॉक्टरांना सरळ विचारा. पुष्कळदा येते. आदल्या दिवशी घरातल्या दोघांनी मिळून पाने कापून ठेवली तर दुसऱ्या दिवसाचा तोटा थोडा भरून निघतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

भाषेचा प्रश्न सोलापुरात सुटण्यासारखा आहे. शासकीय रुग्णालयात तेलुगू बोलणाऱ्या परिचारिका आणि आया पुष्कळ असतात. आत गेल्यावर तुम्ही सासूबाईंच्या जवळ थांबा, मुलाला बाहेर बसवा. मुलासमोर त्या अंगावर जाण्याविषयी बोलणार नाहीत आणि त्यात त्यांची चूक नाही. रक्त किती जाते, हे सांगता येत नसेल तर दिवसाला किती घड्या बदलतात, रात्री उठावे लागते का आणि गाठी साधारण केवढ्या असतात, एवढे कागदावर लिहून न्या.

धाराशिवकर:

यात एका गोष्टीची भर. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे म्हणजे पहिल्या डॉक्टरांचा अपमान नव्हे, असे तुमच्या पतींना समजावा. मूळ अहवाल रुग्णाचे असतात. ते मागून घ्या. तुम्हाला मुलगी असेल, तर तिच्यासाठीही एक सांगते. एचपीव्हीची लस ९ ते १४ या वयात सर्वांत उपयोगी ठरते, आणि पुण्याच्या सीरम संस्थेने तयार केलेली भारतीय लसही आता उपलब्ध आहे.

पूर्वभाग_सून:

मुलगी दहा वर्षांची आहे, लसीबद्दल विचारून घेते. आज पतींशी बोलले. दाखल होण्याची तारीख पुढे ढकलायला ते तयार झाले आहेत आणि सोमवारी आम्ही सिव्हिलला जाणार आहोत. सासूबाई तपासायला यायला राजी आहेत, पिशवीचा निर्णय त्यांनी नंतर घ्यायचे ठरवले आहे. तोपर्यंत घरी कशावर लक्ष ठेवावे?

निवृत्त_परिचारिका:

तासाला एक याप्रमाणे घडी पूर्ण भिजत असेल आणि असे दोन-तीन तास सलग चालले, बसल्या जागी धाप लागली, छातीत दुखले, उभे राहताच डोळ्यांसमोर अंधार आला, किंवा त्या बेशुद्ध पडल्या, तर सोमवारची वाट न पाहता, रात्र असली तरी, तातडीच्या विभागात न्या. १०८ वर दूरध्वनी केला की रुग्णवाहिका येते. तिथे पोहोचल्यावर हिमोग्लोबिन ७.४ आहे हे सर्वांत आधी सांगा, म्हणजे रक्ताची तयारी लवकर होते. सासूबाईंचा रक्तगट आत्ताच शोधून लिहून ठेवा. दुकानातून रक्त थांबवण्याच्या गोळ्या परस्पर आणू नका, कारण पूर्वी कधी पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल तर त्या धोक्याच्या ठरू शकतात.

पुढे कधी शस्त्रक्रिया झालीच, तर काढलेली पिशवी तपासणीला पाठवली का, हे विचारा आणि तो अहवाल हातात आल्याशिवाय उपचार संपले असे समजू नका. बायोप्सीचा अहवाल आला की इथे लिहा. कळत नसलेले शब्द असतील तर आपण मिळून वाचू.